इंजिनिअरिंगला कुठं घालू, सर?

तुमच्याकडं एवढे किस्से साठले कसे, असं मला पुष्कळजण विचारतात. साधं आहे. जिथं सगळेच शहाणे असतात तिथं किस्से साठतात. एखाद-दुसरा मूर्ख असता तर बरं झालं असतं. मूर्ख माणूस निदान 'मला माहीत नाही' असं तरी म्हणतो. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी नऊ वर्षांत एकदाही ऐकलं नाही!

सत्तर साली मी साताऱ्याच्या एका सायन्स कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. जूनमध्ये इंटर सायन्सचा निकाल लागला की कोरेगाव, वडूज, पाटण, कुठून कुठून बाप लोक यायचे. एका हातात मार्कलिस्ट, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. प्रश्न एकच. 'सर, ह्येला इंजिनिअरिंगला घालायचाय. बरं आन् परवडणारं कालिज कुठलं?'

त्या काळी इंजिनिअरिंगची कॉलेजं होती किती? आमच्या बाजूला दोन, एक कराडला आणि एक सांगलीला. मग पुणं, मग मुंबई. म्हणजे निवडायचं तरी काय होतं! पण एवढ्याशा निवडीवर आमची स्टाफरूम महिनाभर जगायची.

मुख्य सल्लागार दोन. गणिताचे बापटसर आणि केमिस्ट्रीचे निकमसर. दोघांपैकी एकानंही इंजिनिअरिंग कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. बापटसरांचा लाडका शब्द 'स्कोप'. निकमसरांचा 'ओळख'. तिसरा माणूस म्हणजे ऑफिसातले हेडक्लार्क चौगुले अण्णा. मूळचे तासगावकडचे, फौजेत हवालदार क्लार्क होते, पेन्शन घेऊन इथं आलेले. कुठला फॉर्म कुठं मिळतो, शेवटची तारीख कुठली, फी-माफी कुणाला बसते, सगळं तोंडपाठ. म्हणूनच त्यांना कुणी विचारायचं नाही. प्रोफेसर सोडून क्लार्कला कोण विचारतो?

० ० ०

बापटसरांचा सिद्धांत असा, की कॉलेज घरापासून जितकं लांब तितकं पोराचं भलं.

कोरेगावचे एक घेवड्याचे व्यापारी आले. मुलाला मार्क बरे होते, कराडला सहज नाव लागलं असतं. बापटसरांनी मार्कलिस्ट डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि म्हणाले, 'नागपूरला घाला.'

'नागपूरला? तितं आमचं कुणीच न्हाई, सर.'

'म्हणूनच!'

बिचारा माणूस पोराला घेऊन नागपूरला गेला. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. तिथल्या खिडकीवर कळलं की दुसऱ्या विद्यापीठातल्या पोरांना तिथं मूठभर जागा असतात आणि त्या वरच्या नंबरांत येणाऱ्यांनाच पुरत नाहीत. परत आला तेव्हा कराडची तारीख उलटून गेली होती. स्टाफरूमच्या दारातच तो मटकन खाली बसला.

अण्णा बाहेर आले. म्हणाले, 'उठा, उठा. पोराचा कराडचा फॉर्म म्या भरून धाडलाय. बापटसरांनी नागपूरचं नाव काडलं, त्याच दिशी पोराची सही घेतली हुती.'

त्या माणसानं अण्णांचे पाय धरले. बापटसर आतूनच म्हणाले, 'पण प्रवास तर घडला ना!'

० ० ०

निकमसर घरबसल्या सल्ला देत नसत. ते जातीनं जायचे. उंब्रजचे एक ऊसवाले बागायतदार होते, आबा म्हणत त्यांना. त्यांच्या मुलाला सांगलीला घालायचं घाटत होतं. पण आबा म्हणाले, 'बैल घेताना सुदिक आमी दात बगतो. कालिज बगितल्याबिगर पोरगं न्हाई घालनार.' निकमसर म्हणाले, 'चला, सांगलीत विश्रामबागला आपली ओळख आहे.'

दोघं सकाळच्या एस.टी.नं गेले, संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी आबा स्टाफरूममध्ये हजर. चेहरा पडलेला.

'काय आबा, आवडलं नाही का कॉलेज?' मी विचारलं.

'न आवडायला काय झालं? लय झाक कालिज! काय ती शिस्त! पोरं मान वर करीत न्हाईत. ज्येच्या त्येच्या म्होरं कागदांचा ह्यो ढीग. आमी तासभर फिरलो, पर एकानं आमच्याकडं बगितलं न्हाई.'

'वा!' बापटसर म्हणाले.

'पोरं वयानं जरा थोराड वाटली. दोगातिगांना टक्कल बी हुतं.'

'एम.ई. करणारी असतील,' निकमसरांनी खुलासा केला.

'मग अडलं कुठं?' मी विचारलं.

निकमसर पुढं सरसावले. 'प्रिन्सिपॉलना भेटलो. शिपायाला माझी ओळख सांगितली, लगेच आत सोडलं. पण साहेब म्हणाले, वरूनच ऑर्डर आहे, यंदा भरती बंद.'

अण्णा हजेरीचं मस्टर घेऊन आले होते. ते दारातच थांबले. 'भरती बंद? असं म्हनाले? सर, भायेर बोर्ड काय हुता?'

'बोर्ड कोण वाचतंय, अण्णा? आम्ही ओळखीनं गेलो होतो!'

'पान्याचं कायतरी लिवलं हुतं बगा,' आबा आठवून म्हणाले.

अण्णांनी मस्टर टेबलावर ठेवलं. 'आवं आबा, तुमी पाटबंधाऱ्याच्या हापिसात हिंडून आलाय! त्या सायबाला वाटलं, पोराला क्लार्क म्हनून चिकटवायला आलाय!'

निकमसर काय म्हणाले असतील? म्हणाले, 'तरीच मला ती टेबलं जास्त वाटली.'

फॉर्मची तारीख दोन दिवसांवर आली होती. अण्णांनी मला आबांबरोबर सांगलीला पिटाळलं. खरं कॉलेज त्या ऑफिसापासून थोडंसंच पुढं होतं. आम्ही आवारात शिरलो. झाडाखाली पोरांचं टोळकं खिदळत होतं, एकजण शिट्टी वाजवत होता, दुसरा सायकलवर उलटा बसून चक्कर मारत होता.

आबा फाटकातच थांबले. बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, 'जगतापसर, ह्ये खरं कालिज व्हय? मग कालचंच बरं हुतं की वो!'

० ० ०

फी-माफीचं एक सांगतो. ज्यांचं उत्पन्न कमी त्यांच्या मुलांना ईबीसीची सवलत असायची, त्याला मामलेदार कचेरीचा दाखला लागे. आमच्याकडचे मास्तर, पोस्टमन, नोकरदार लोक पगाराची स्लिप हातात धरून उभे असायचे आणि त्यांना ती सवलत मिळायची नाही. स्लिप खोटं बोलत नाही ना! उसाला मात्र स्लिप नसते.

एक गृहस्थ जीपमधून आले. पांढरे स्वच्छ कपडे, पायात करकरीत वहाणा. त्यांनी अण्णांपुढं दाखला ठेवला. त्यावरचं उत्पन्न इतकं कमी होतं की ते घर जेवतं कसं असा प्रश्न पडावा.

अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. 'जीप कुनाची म्हनायची?'

'पाव्हन्याची.'

'आन् डायवर?'

'त्योबी पाव्हन्याचाच.'

'हातातलं घड्याळ?'

'लगनात घातलेलं. सासऱ्याचं.'

अण्णांनी दाखल्यावर शिक्का मारला. दाखला सरकारी होता, ते तरी काय करणार? कागद परत देताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, 'पोरगं तरी तुमचंच का, त्येबी पाव्हन्याचं?'

० ० ०

पाचगणीचे एक हॉटेलवाले आले होते. मुलगा तिथल्याच बोर्डिंगात शिकलेला, इंटरलाच काय तो साताऱ्यात उतरलेला. बापाला खर्चाची फिकीर नव्हती, त्यांना वेगळीच काळजी होती.

'सांगली आम्ही बघितली. कॉलेज चांगलं आहे. पण फार उकडतं हो तिथं! याला सवय नाही. थंड हवेचं इंजिनिअरिंग कॉलेज कुठं आहे का?'

बापटसर खरोखरच विचारात पडले! अण्णा म्हणाले, 'पोराला शिकवताय कशाला? पंख्यांची एजन्सी काडून द्या.'

० ० ०

आता हा किस्सा हसण्याचा नाही, पण स्टाफरूमचाच आहे म्हणून सांगतो.

बाहत्तर सालचा जून. लढाई संपली होती, पण फौजा अजून सीमेवरच होत्या. आपल्या जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. एक बाई आल्या. लुगड्याचा पदर डोक्यावरून, हातात सवलतीचा फॉर्म, बरोबर मुलगा. नवरा फौजेत नाईक. नोकरीतल्या जवानांच्या मुलांना सवलत होती, ती मिळाली तरच मुलगा इंजिनिअरिंगला जाणार होता.

फॉर्म तपासण्याचं काम त्या वर्षी बापटसरांकडं होतं. त्यांनी पालकाच्या सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

'इथं वडिलांची सही नाही.'

'त्ये बाडरवर हाईत, सर.'

'मग पाठवून सही आणा.'

'पत्र जायला पंधरा दिस, यायला पंधरा दिस. तारीक तर परवा हाय. मी करती की सही. मला येती.'

'तुमची चालत नाही. नियम आहे. वडील हयात असतील तर वडिलांचीच सही. हयात नसतील तर तसा दाखला जोडा.'

मी पलीकडच्या टेबलावर जर्नल तपासत होतो. माझं पेन थांबलं. बापटसरांना आपण काय बोललो त्याचा पत्ताच नव्हता. ते पुढचा फॉर्म उचलत होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, 'सर, त्यो दाखला येऊ नगं म्हनून मी रोज देवापुडं दिवा लावती. आन् तुमी म्हंता, जोडा.'

मुलानं आईचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते, आईचे नाही.

ऑफिस आणि स्टाफरूम यांच्यात नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा आले, बाईंच्या हातातला फॉर्म घेतला आणि म्हणाले, 'चला ताई.' डोक्यावर टोपी नव्हती, पायात चपला नव्हत्या, तसेच उन्हातून त्या मायलेकरांना घेऊन सोल्जर बोर्डात गेले. तासाभरात परत आले. बोर्डाच्या सेक्रेटरींचा कागद होता, की अमुक जवान सीमेवर तैनात आहे, त्याच्या पत्नीची सही ग्राह्य धरावी.

अण्णांनी तो कागद बापटसरांच्या टेबलावर ठेवला, टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, 'सर, दाखला. जित्या मानसाचा!'

पोराचं नाव कराडला लागलं. नाईक दिवाळीला रजेवर आला तेव्हा पेढे घेऊन कॉलेजात आला. सगळ्यांना पेढा दिला. बापटसरांनी दोन घेतले.

० ० ०

त्याच सुमाराला कानडी मुलखातून एजंट यायला लागले. तिकडं म्हणे खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती. मार्क कितीही असू देत, डोनेशन टाकलं की प्रवेश. यातली काही पुढं चांगली निघाली असतीलही. आमच्या वाट्याला आलं ते कसं होतं ते सांगतो.

निकमसरांच्या पुतण्याला त्रेचाळीस टक्के. एजंटानं स्टाफरूममध्येच कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक पसरलं. काय ती इमारत! खांब, कमानी, समोर कारंजं. निकमसर हरखले. 'याला म्हणतात कॉलेज! आपल्याकडची म्हणजे गोदामं नुसती!'

निकमसर, त्यांचे थोरले भाऊ आणि पुतण्या असे तिघं गेले. इमारत होती. तशीच्या तशी होती, कारंजंसुद्धा होतं. फक्त ते कॉलेजच्या अध्यक्षांचं घर होतं. 'बर्री, कुंदर्री', म्हणजे या, बसा, म्हणून त्यांनी दिवाणखान्यात बसवलं, चहा दिला. मग एक माणूस कॉलेज दाखवायला घेऊन गेला. मागं तंबाखूची एक वखार होती. आत बाकडी मांडलेली.

थोरले भाऊ शेतकरी माणूस, पण विचारायचं ते नेमकं विचारायचे. 'वर्कशाप कुटं हाय?'

'पुढच्या वर्षी.'

'लॅबोरेटरी?'

'पुढच्या वर्षी.'

'मास्तर?'

'तीन आहेत. बाकीचे पुढच्या वर्षी.'

'मग ह्या वर्साला काय?'

'या वर्षी डोनेशन.'

आणि त्यांनी ते भरलं! का भरलं? तर गावात पेढे आधीच वाटून झाले होते. थोरले भाऊ नको म्हणत होते, पण निकमसर म्हणाले, 'लोकांना तोंड काय दाखवायचं?' पोरगं दोन वर्षं त्या वखारीत शिंकत बसलं आणि तिसऱ्या वर्षी घरी आलं. पुन्हा कुणी त्याचा विषय काढला की निकमसर म्हणायचे, 'हवा मानवली नाही.'

० ० ०

सुमन घाडगे नावाची एक विद्यार्थिनी होती. वडील एस.टी.त कंडक्टर, मूळ वडूजचे, नोकरीला साताऱ्यात. इंटरला गणितात ती कॉलेजात पहिली आली आणि म्हणाली, मला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचंय.

स्टाफरूममधले दोन्ही सल्लागार एकदम बोलायला लागले. बापटसर म्हणाले, 'बी.एस्सी. कर, बी.एड. कर, शाळेत लाग. मुलीला तोच स्कोप.' निकमसर म्हणाले, 'अगं, वर्कशॉपमध्ये मशीन असतात. साडीचा पदर अडकला म्हणजे?'

वडील खाकी कपड्यांतच आले होते, खांद्याला पिशवी. ते खाली मान घालून ऐकत होते. सुमन म्हणाली, 'सर, मागच्या वर्षी लॅबमध्ये बर्नरवर कुणाच्या शर्टाची बाही पेटली होती?'

निकमसर घुटमळले. 'ती... ती माझी. पण त्याचा इथं काय संबंध?'

'आणि विझवली कुणी?'

कुणी म्हणजे? तिनंच! स्वतःचा पदर गुंडाळून!

तिचं नाव कराडला सिव्हिलला लागत होतं, सांगलीला इलेक्ट्रिकलला. तिला इलेक्ट्रिकलच हवं होतं. पण सांगलीत राहायचं कुठं? खोली घेऊन मुलीला एकटीला ठेवणं घाडग्यांना परवडणारं नव्हतं, आणि आईला ते पटणारंही नव्हतं. 'बघा,' निकमसर म्हणाले, 'मी म्हणत होतो ना?'

घाडगे सरळ डेपोत गेले आणि सांगलीला बदली मागितली. बदली टाळण्यासाठी लोक साहेबांच्या घरी आंब्याच्या पेट्या पोचवतात. हा माणूस घर, गाव, वीस वर्षांचा ओळखीचा रूट सोडून बदली मागत होता. डेपो मॅनेजर चक्रावला. म्हणाला, 'घाडगे, खरं सांग. इथं काय भानगड केलीस?'

'पोरगी हुशार निपाजली, सायेब,' घाडगे म्हणाले.

बदली मिळाली. सगळं बिऱ्हाड सांगलीला गेलं. पहिल्या वर्षी तिच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला भेटायला आली तेव्हा निकमसरांनी विचारलं, 'काय, पदर अडकला का कशात?'

'नाही सर,' ती म्हणाली. 'पण मुलांच्या बाह्या फार अडकतात.'

० ० ०

शेवटचा किस्सा खरं तर त्र्याहत्तरचा, म्हणजे मधेच कुठंतरी यायला हवा होता. पण तो सांगितल्यावर दुसरं काही सांगवत नाही.

दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलेलं. वडूजच्या पलीकडच्या कोरड्या रानातला एक धनगर, बिरू वाघमोडे, मुलाला घेऊन आला. मुलगा नामदेव. वर्षभर आमच्या कॉलेजात होता पण कुणाच्या लक्षात नव्हता, कारण तो कधी काही विचारायचा नाही. त्या वर्षी त्याला गणितात शंभरापैकी ब्याण्णव पडले होते. बापटसरांनी मार्कलिस्ट दोनदा पाहिली. मग बिरूकडं पाहिलं, खांद्यावरची घोंगडी, पायातल्या जाड वहाणा.

'आयटीआयला घाला,' ते म्हणाले. 'दोन वर्षांत हाताला काम.'

'मास्तर तर म्हनलं, इंजिनेरला नाव लागंल.'

'नाव लागेल हो! पण झेपायला पाहिजे ना! ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पुस्तकं, मेस. चार-पाच वर्षं. तुम्हाला परवडेल तेच सांगतोय मी.'

निकमसरांनी मान डोलावली. 'तुमच्या भल्याचंच आहे.'

बिरूनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, 'सर, तुमाला पोरं किती?'

'एक. सातवीत आहे.'

'त्येला आयटीआयला घालनार?'

'छे! त्याची गोष्ट वेगळी.'

'का? मार्क कमी पडत्यात?'

मीही तिथंच होतो. माझ्यासमोर मार्कलिस्ट होती, मला सगळं कळत होतं. मी काय केलं? चहा ढवळत बसलो. साखर कधीच विरघळली होती. तेव्हा मी कच्च्या नोकरीत होतो आणि माझा रिपोर्ट आमच्या डिपार्टमेंटच्या हेडच्या, म्हणजे बापटसरांच्या मेहुण्याच्या हातात होता. हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगतो.

बिरू पोराला घेऊन बाहेर पडला आणि ऑफिसच्या खिडकीशी थांबला. फळ्यांच्या भिंतीमुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

'इंजिनेरची कालिजं कुटं कुटं हाईत वो?' त्यानं अण्णांना विचारलं.

'कराड, सांगली. मग पुनं.'

'सांगली म्हंजी मिरजंजवळची?'

'व्हय.'

'मग तितंच घाला. दिवाळी सरली की आमची मेंढरं तिकडच्या रानात बसत्यात, शिमग्यापातुर. तवर पोरगं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर जेवंल. दिवाळीपातुरचं चार म्हैनं कसंबी काडू.'

आत बापटसर हसले. 'ऐकलंत? मेंढरं बघून कॉलेज निवडतोय!'

अण्णांनी तिथंच फॉर्म भरला, फी-माफीचा अर्जही भरला. बिरूनं अंगठा उठवला. पोरानं सही केली. नाव लागलं.

दीड वर्षानं, जानेवारीत, बापटसरांच्या साडूची विश्रामबागला वास्तुशांत होती. सामान धरायला त्यांनी मला बरोबर नेलं. रविवार होता. नव्या घराच्या मागं ऊस तुटून गेलेलं रान होतं आणि त्यात मेंढरं बसवलेली. जेवणं झाल्यावर आम्ही शतपावलीला तिकडं गेलो. बाभळीच्या सावलीत एक पोरगा पालथा पडून ड्रॉइंग बोर्डावर काहीतरी रेखत होता. शीटचे कोपरे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून चार बाजूंना चार दगड ठेवलेले. त्याची आई चुलीवर भाकरी करत होती. एक कोकरू शीटकडं निघालं की ती हातातल्या लाकडानं त्याला हटकायची, 'हुर्र! पोराचा कागुद हाय!'

'आवं सर!' हाक आली. बिरू होता. त्यानं आम्हाला ओळखलं. घोंगडी अंथरली, बसवलं, पितळीतून दूध आणलं. नामदेव उठून उभा राहिला. त्यानं वाकून नमस्कार केला. दुसऱ्या वर्षाला होता, पहिला वर्ग कधी सुटला नव्हता.

बापटसरांनी शीटकडं पाहिलं, मान हलवली, मिशीला लागलेलं दूध पुसलं आणि म्हणाले, 'बघितलंत, वाघमोडे? मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगा हुशार आहे, इंजिनिअरिंगलाच घाला.'

नामदेवनं बापाकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

बिरू हात जोडून म्हणाला, 'व्हय सर. तुमचं ऐकलं, आन् त्याच घडीला ठरिवलं.'

बापटसर इतके खूष झाले की परतीच्या एस.टी.त कराड येईपर्यंत त्यांचा चेहरा उजळलेला होता. मधेच माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, 'जगताप, काही म्हणा, अडाणी माणसाला जाण असते हो!'